मुलेन (गृहोद्यानातील लागवड)

मुलेन (लॅ. व्हर्बॅस्कम थॅप्सस, कुल : स्क्रोफ्युलॅरिएसी) : यूरोप, उत्तर आफ्रिका व आशियात मूळ असलेली द्विवर्षायू ओषधी. पहिल्या वर्षी जमिनीलगत मऊ लवदार पानांचा गुच्छ येतो. थंडीचा काळ सोसल्यावर दुसऱ्या वर्षी सु. १-२ मी. उंच कणिश (फुलोऱ्याचा दांडा) निघते. पिवळी फुले पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात. पाच केसरदलांपैकी (फुलातील नर अवयवांपैकी) वरच्या तिन्हींवर दाट लव, खालची दोन जवळजवळ गुळगुळीत असतात. बोंडांत बी पिकले की झाड मरते.

लागवडीस भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन लागते. सकसपणाची फारशी अट नाही. रुजण्यास उजेड हवा असल्याने बी मातीवर भुरभुरून नुसते दाबावे, अर्धा सेंमी. खोल गेलेले क्वचितच वर येते. सोटमूळ लांब असल्याने स्थलांतर रोप लहान असतानाच करावे. पाणी साचल्यास मूळ कुजते.

बियांच्या दीर्घायुष्याविषयी मात्र पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांनी १८७९ मध्ये मिशिगन येथे २१ जातींचे बी वाळूत मिसळून २० बाटल्यांत पुरले. बी अजून रुजते का, हे पाहण्यासाठी ठराविक वर्षांनी एकेक बाटली उकरली जाते. बील यांच्या यादीत मुलेन होते. पण पुढे रुजलेली बहुतेक रोपे व्हर्बॅस्कम ब्लॅटेरिया या भगिनी जातीची निघाली. मुळातच बियांची सरमिसळ झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतील २० बिया रुजल्या. डीएनए तपासणीत त्यांत दोन्ही जातींचा संकरही आढळला. त्यामुळे ‘मुलेनचे बी शंभरावर वर्षे टिकते’ हे सरसकट विधान जपूनच करावे. दशकानुदशके ते जिवंत राहते, याविषयी मतभेद नाही.

बागेच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा. एका झाडाला लाखाहून अधिक बी येते व त्यातील बहुतेक झाडापासून काही मीटरांतच पडते. अमेरिकेत ही वनस्पती अठराव्या शतकात पोहोचली असावी. मासे गुंगवण्यासाठी बियांचा वापर होई, त्यासाठीच ती नेली असे काही जण मानतात, तर औषधासाठी नेल्याचेही सांगतात. आज तेथे काही राज्यांत ती उपद्रवी तण ठरली आहे. फुले ओसरताच, बोंडे तपकिरी होण्याआधी कणिश कापावे. बियाण्यासाठी एखादेच राखावे. नको असलेली रोपे पहिल्या वर्षीच सोटमुळासकट उपटावीत.

पाने-फुलांचा काढा खोकल्यावर परंपरेने देतात. पानांवरील लव घशाला खुपते, म्हणून तो दाट फडक्यातून गाळतात.