एका मोसमाचा करार : क्लब बदलत राहणाऱ्या मिडफिल्डरमागचा इतिहास

२०१२ मध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबमध्ये रोहन रिकेट्स नावाचा इंग्लिश मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, दाखल झाला. डेम्पो तेव्हा आय-लीगचा, म्हणजे त्या वेळच्या देशातल्या सर्वोच्च लीगचा, विजेता होता आणि देशातल्या सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एक मानला जात होता. रिकेट्स आर्सेनलच्या अकादमीत घडलेला. आर्सेनलच्या मुख्य संघाकडून त्याला एकच सामना मिळाला, २००१ मधला लीग कपचा, मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा. पुढे टॉटनहॅमकडून तो प्रीमियर लीगमध्ये खेळला. गोव्यात येईपर्यंत त्याने इंग्लंडबाहेर कॅनडा, हंगेरी, मोल्दोव्हा, जर्मनी आणि आयर्लंड पाहिले होते. डेम्पोतला मुक्काम छोटाच ठरला. त्यानंतर इक्वाडोर, हाँगकाँग, थायलंड आणि बांगलादेश.

अशी यादी वाचली की ‘याचे कुठेच जमले नाही’ असा शेरा मारायचा मोह होतो. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. दोन-दोन वर्षांनी, कधी दोन-दोन महिन्यांनी क्लब बदलणारे शेकडो व्यावसायिक खेळाडू जगभर आहेत. त्यांची कारकीर्द जेवढी पायांनी घडते तेवढीच करारांच्या नियमांनी घडते. आणि ते नियम मोडायला कोर्टात उभे राहिलेले नावाजलेले खेळाडू पाहिले, तर त्यांतले बहुतेक मैदानाच्या मधल्या पट्ट्यातलेच निघतात.

आधी रिकेट्सचेच पाहू. टॉटनहॅममध्ये २००३-०४ च्या मोसमाच्या सुरुवातीला त्याला संधी दिली प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांनी. सप्टेंबरमध्ये हॉडलना काढले. काळजीवाहू डेव्हिड प्लीट यांनी त्याला त्या वर्षी बऱ्यापैकी खेळवले. २००४ च्या उन्हाळ्यात जाक सांतिनी आले आणि रिकेट्स उसनवारीवर, म्हणजे करार टॉटनहॅमकडे ठेवून काही काळापुरता, कोव्हेंट्रीला गेला. तिकडे हॉडल वुल्व्हरहॅम्प्टनचे प्रशिक्षक झाले, तेव्हा रिकेट्सही वुल्व्हजमध्ये पोचला. २००६ मध्ये हॉडलनी वुल्व्हज सोडले, मिक मॅकार्थी आले, आणि रिकेट्स पुन्हा उसनवारीवर, या वेळी क्वीन्स पार्क रेंजर्सकडे. पुढे बार्नस्ली, मग टोरांटो. ज्या प्रशिक्षकाला तो हवा होता त्याची खुर्ची गेली की याचीही जागा जायची.

स्ट्रायकरकडे दाखवायला गोल असतात. गोलकीपरची जागा एकच आणि ठरलेली. मिडफिल्डरचे मोल मात्र त्याच्या आजूबाजूला कोण उभे आहे आणि प्रशिक्षक मधल्या फळीत तिघे खेळवतो की चौघे, यावर ठरते. चेंडू हिसकावून तीन पावलांत योग्य माणसाकडे देणे हे काम सामना पाहणाऱ्याला दिसते, पण ते आकड्यांत मांडून दुसऱ्या देशातल्या क्लबाला पटवणे कठीण. म्हणून मधल्या फळीतला सर्वसाधारण खेळाडू सगळ्यांत आधी हलवला जातो, असे मला वाटते.

पण खेळाडू असा सहज हलू शकतो हीच मुळात नवी गोष्ट आहे. शंभर वर्षे दुखणे नेमके उलटे होते.

इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १८९३ पासून खेळाडू ‘राखून ठेवण्याची’ पद्धत सुरू केली. खेळाडूची नोंदणी क्लबाच्या हाती असे. करार संपला तरी क्लब ती नोंदणी अडवून ठेवू शके. खेळाडूला पगार मिळाला नाही तरी चाले, पण क्लबाच्या परवानगीशिवाय लीगमधल्या दुसऱ्या संघाकडून खेळता येत नसे. १९०१ मध्ये त्यावर पगाराची कमाल मर्यादा बसली, आठवड्याला चार पौंड. एखादा खेळाडू आयुष्यभर एकाच क्लबात राहिला यात निष्ठा किती आणि नाइलाज किती, हे त्या काळापुरते सांगणे अवघड आहे. जुन्या जमान्यातल्या निष्ठेचे गोडवे गाताना हा भाग हटकून राहून जातो.

या पद्धतीला धक्का दिला जॉर्ज ईस्टहॅमने. तो न्यूकॅसल युनायटेडचा इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे आजच्या भाषेत आक्रमक मिडफिल्डर. १९६० मध्ये त्याचा करार संपला, त्याने बदली मागितली, क्लबाने नाकारली. ईस्टहॅमने खेळणेच थांबवले आणि दक्षिण इंग्लंडात एका परिचिताच्या धंद्यात बुचाच्या मालाची विक्री करू लागला. काही महिन्यांनी न्यूकॅसलने त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलला विकले. तिथे थांबता आले असते. खेळाडूंच्या संघटनेच्या पाठिंब्यावर त्याने खटला मात्र पुढे चालवला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी राखून ठेवण्याची ही पद्धत म्हणजे माणसाच्या रोजगारावरचे अवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. त्याआधीच, १९६१ च्या जानेवारीत, तोवर आठवड्याला २० पौंडांवर पोचलेली पगाराची मर्यादा उठली होती. त्या लढ्याचे नेतृत्व खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांचे. तरी निकालानंतरही बदलीची रक्कम राहिलीच. करार संपलेल्या खेळाडूसाठीही नव्या क्लबाने जुन्याला पैसे मोजायचे, ही चाल युरोपभर चालू होती.

ती मोडली ज्याँ-मार्क बोसमनने, आणि त्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. बोसमन लिएज शहरातला, जन्म १९६४ चा, बेल्जियमच्या युवा संघांतून खेळलेला मिडफिल्डर. स्टँडर्ड लिएजमध्ये सुरुवात, मग त्याच शहरातल्या आरएफसी लिएजमध्ये. जून १९९० मध्ये करार संपत आला तेव्हा क्लबाने नवा करार पुढे केला : महिन्याला १,२०,००० बेल्जियन फ्रँक मिळत होते, ते ३०,००० होणार. त्याने नकार दिला. क्लबाने त्याला विक्रीच्या यादीत टाकले आणि किंमत लावली सुमारे १ कोटी १७ लाख फ्रँक. ज्याचा पगार चौथ्या हिश्शावर आणायचा, त्याच माणसाची ही किंमत!

फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता. दोन्ही क्लबांत बोलणी झाली, कागद झाले. मग डंकर्क पैसे देऊ शकेल का, अशी शंका लिएजला आली आणि बेल्जियन महासंघाकडून जायचे प्रमाणपत्र वेळेत गेलेच नाही. बदली बारगळली. लिएजने त्याला निलंबित केले. पंचविशीतला खेळाडू ना या क्लबाचा राहिला ना त्या. ऑगस्ट १९९० मध्ये त्याने लिएजच्या न्यायालयात दावा लावला.

तो दावा फिरत फिरत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला. निकाल लागला १५ डिसेंबर १९९५ रोजी. मधली पाच वर्षे बोसमन फ्रान्समधल्या सेंट-क्विंटिनकडून, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, मग बेल्जियमच्या खालच्या श्रेणीत, मिळेल तिथे खेळत राहिला. बेल्जियममधल्या क्लबांनी त्याला जवळपास वाळीत टाकले होते. निकाल आला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, म्हणजे मिडफिल्डरचे उमेदीचे दिवस संपत आलेले. पुढे पैशाची ओढाताण आणि दारू यांत त्याची बरीच वर्षे गेली आणि तो त्याबद्दल मोकळेपणाने बोलला आहे. ज्या निकालाने इतरांना कोट्यवधी मिळवून दिले त्यातून त्याच्या वाट्याला फार थोडे आले, हे मला फुटबॉलच्या इतिहासातल्या मोठ्या अन्यायांपैकी एक वाटते.

निकालात दोन गोष्टी होत्या. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल तर जुन्या क्लबाला रक्कम मागता येणार नाही. आणि सदस्य देशांच्या नागरिकांवर ‘परदेशी खेळाडू’ म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. पहिला फायदा ठळक दिसला तो मोठ्यांना. १९९६ मध्ये एडगर डेव्हिड्स आयाक्सहून मिलानला, १९९९ मध्ये स्टीव्ह मॅकमॅनमन लिव्हरपूलहून रेआल माद्रिदला फुकट गेला. क्लबाची वाचलेली रक्कम खेळाडूच्या पगारात उतरली. दोघेही मिडफिल्डर.

खालच्या पायरीवर हाच निकाल वेगळा उतरला. विकून पैसे येतील अशा खेळाडूला क्लब चार-पाच वर्षांसाठी बांधून घेऊ लागले, म्हणजे फुकट जाण्याची वेळच येऊ नये. ज्याच्यासाठी कोणी रक्कम देणार नाही त्याला एक मोसम, फार तर दोन. युरोपीय आयोगाशी तडजोड करून फिफाने २००१ मध्ये नवे नियम आणले आणि बदल्यांसाठी ठराविक मुदती आल्या. ही मुदत संपायच्या आत करार झाला नाही तर पुढचे काही महिने बहुतेक दारे बंद. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस मिळेल त्या देशातला मिळेल तो करार घेणारे खेळाडू दिसतात. ही भटकंती हौसेची नसते.

आणि करार झाला म्हणजे पगार झाला असेही नाही. रिकेट्सने हंगेरी आणि मोल्दोव्हातल्या दिवसांबद्दल, थकलेल्या पैशांबद्दल नंतर स्वतः उघडपणे लिहिले. तो एकटा नव्हता. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये ५४ देशांतल्या सुमारे १४,००० व्यावसायिकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४१ टक्के खेळाडूंना आधीच्या दोन मोसमांत कधी ना कधी पगार उशिरा मिळाला होता. करारांची सरासरी मुदत दोन वर्षांपेक्षा कमी होती.

पगाराचा वाद होऊन करार तुटला तर काय, हा प्रश्न पुन्हा एका मिडफिल्डरनेच धसास लावला. फ्रान्सचा लसाना डियारा चेल्सी, आर्सेनल, पोर्ट्समथ, रेआल माद्रिद, अंझी असे क्लब करत लोकोमोटिव्ह मॉस्कोत गेला होता. २०१४ मध्ये तिथे वाद झाला, क्लबाने करार संपवला आणि डियाराने १ कोटी ५ लाख युरो भरावेत असा फिफाचा निर्णय आला. त्याला घेणारा नवा क्लबही त्या रकमेला जबाबदार धरला जाईल, असा नियम होता. बेल्जियमचा शार्लरुआ त्याला घ्यायला राजी होता, तो या धास्तीने मागे सरला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने असे नियम युरोपीय कायद्यात बसत नसल्याचे सांगितले. डियाराच्या वकिलांत ज्याँ-लुई द्यूपाँ होते, बोसमनच्याही बाजूने लढलेले. डियाराने खेळ सोडून तेव्हा पाच वर्षे झाली होती.

आपल्याकडचा रस्ता निराळा होता. मुंबईच्या फुटबॉलपटूला क्लबापेक्षा नोकरी महत्त्वाची असे : एअर इंडिया, आरसीएफ, ओएनजीसी, सेंट्रल बँक, रेल्वे. गुडघा गेला तरी टेबल राहायचे. गोव्यात उद्योगघराण्यांचे क्लब होते, आणि क्लायमॅक्स लॉरेन्ससारखा मिडफिल्डर डेम्पोत वर्षानुवर्षे टिकू शके. मग हे आधार एकेक करून निघाले. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, आणि भारताकडून खेळलेल्या मुंबईकर स्टीव्हन डायसला पुढे चर्चिल ब्रदर्स, दिल्ली डायनामोज, मुंबई एफसी असे फिरावे लागले. २०१४ पासून काही वर्षे नवी इंडियन सुपर लीग (आयएसएल) आणि आय-लीग एकामागून एक खेळल्या जात. एकाच वर्षात दोन जर्सी घालणे अनेकांना नेहमीचे झाले. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले.

जुलै २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातल्या कराराचा तिढा न सुटल्याने आयएसएलच स्थगित झाली आणि ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. ज्यांचा करार त्याच उन्हाळ्यात संपला होता, त्यांच्यासाठी तर जायला लीगही नव्हती आणि परत जायला जुन्या पिढीसारखे ऑफिसही नव्हते.