कागदावरचं पाऊल

आमच्या गावाकडचे एक चर्मकार काका जिल्ह्यातल्या एका मोठ्या नेत्याचे बूट शिवतात. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक खाकी कागद जपून ठेवलेला आहे. त्यावर पेन्सिलीनं काढलेली दोन पावलं, आणि उजव्या करंगळीपाशी फुली. तिथं साहेबांना घट्टा आहे, म्हणून कलबुतावर, म्हणजे बुटाच्या लाकडी साच्यावर, त्या जागी चामड्याची चकती लावून बूट ओढायचा. गावाला या कागदाचं मोठं अप्रूप. पण दोन पिढ्यांमागे असं माप गावातल्या साध्या कुणब्याचंही घेतलं जायचं.

बलुत्यात चर्मकारानं वर्षभर वहाणा, आसूड आणि विहिरीची चामडी मोट पुरवायची, अन् सुगीत खळ्यावरून ज्वारी न्यायची. मोट फाटली की ओलीत थांबायचं, इतकं शेत त्याच्या आरीवर अवलंबून होतं. तरी त्याच्या हातचं पाणी गावाला चालत नसे. ही गोष्ट वगळून या धंद्याचा इतिहास सांगणं मला खोटेपणाचं वाटतं.

पुढारी आणि पादत्राणं यांचं नातं वर्ध्याला तरी नवं नाही. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर आपले मित्र हर्मन कॅलनबाख यांच्याकडून चपला करायला शिकले होते. १९१४ मध्ये तो देश सोडताना त्यांनी स्वतः केलेला एक जोड तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना दिला. ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं, तेच हे स्मट्स. त्यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीला, परत पाठवला. तेव्हा गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहत होते. त्या गावाचं सेवाग्राम हे नाव पुढच्या वर्षीचं.

वर्ध्याला लागूनच नालवाडीचं चर्मालय होतं. गोपाळराव वाळुंजकर ते चालवत. आपसूक मेलेल्या जनावराचंच कातडं घ्यायचं आणि झाडाच्या सालीत पकवायचं, असा तिथला आग्रह. बाभूळ तर आपल्याकडे बांधाबांधावर. कातडं आधी चुन्यात, मग सालीच्या पाण्यात. घाई केली की मधे कच्चं राहतं आणि पहिल्याच पावसात तळ फुगतो.

पुढे विहिरींवर पंप बसले, मोट गेली. रबर-प्लास्टिकच्या चपलांनी वहाणा गेल्या. १९७४ मध्ये चर्मोद्योगासाठी राज्याचं महामंडळ निघालं, गटई कामगारांना, म्हणजे रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्यांना, टपऱ्या मिळाल्या; पण टपरीत दुरुस्तीच जास्त होते, नवा जोड क्वचित. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातडं आणखी दुर्मिळ झालं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत. विदर्भातला एकही नाही. आमच्याकडच्या एरंडेल पाजलेल्या, कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणेला तर धड नावही मिळालं नाही, याचं मला वाईट वाटतं.

यंदा पोळ्याला गेलो तेव्हा मीही कागदावर पाय ठेवून आलो. काकांनी टाचेमागून पेन्सिल फिरवली, दोनदा तपासली. “सालीचं चामडं भेटलं तर महिन्याभरात देतो,” म्हणाले.