आयरिसचा कंद उघडा का ठेवतात?

आयरिस या फुलझाडाचा कंद अर्धा मातीबाहेर ठेवावा आणि त्यावर ऊन पडू द्यावे, हा नियम नवख्या बागकाम करणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. परंतु या वनस्पतीचा पूर्वेतिहास पाहिला की त्याचा उलगडा होतो. बागांमध्ये मोठ्या प्रमाणावर लावला जाणारा ‘बिअर्डेड’ आयरिस, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेला, ज्या जातींपासून आला त्या मुख्यतः भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातल्या. तेथील उन्हाळा कोरडा जातो आणि आल्यासारखा आडवा वाढणारा कंद तेवढा काळ साठवलेल्या अन्नावर काढतो. मातीबाहेरही तो काही आठवडे तग धरतो, म्हणूनच माणसाच्या सामानातून तो दूरवर गेला. अरबस्तानातला पांढरा ‘आयरिस अल्बिकन्स’ बी धरत नाही. तरीही मुसलमानांच्या कबरींवर तो लावला जात असल्याने कंदांवाटेच थेट स्पेनपर्यंत पोहोचला.

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या परिसरात तर फुलापेक्षा कंदालाच मोल होते. सोललेले कंद दोन-तीन वर्षे ठेवल्यावर त्यांना व्हायोलेटच्या फुलांसारखा गंध येतो आणि तो अत्तरांत वापरला जातो.

फुलांसाठी पद्धतशीर निवड सुरू झाली ती 19व्या शतकातल्या फ्रान्समध्ये. पुढे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर यांनी आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कस्तानातून) मोठ्या फुलांची झाडे मिळवली. अमास्याहून आलेले ‘अमास’ हे त्यांतलेच. जुन्या बागी वाणांमध्ये बहुधा 24 गुणसूत्रे (पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे) होती, तर या नव्या झाडांमध्ये 48, हे मागाहून कळले. त्यांच्या संकरातून आजची भरघोस फुले आली, आणि (हे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत) वाऱ्यापावसात आधाराविना वाकणारे दांडेही. 1920 मध्ये अमेरिकन आयरिस सोसायटी स्थापन झाली, आणि पुढे वाणांच्या नावांची नोंदणी तिच्याकडे आली.

कंदाचा स्वभाव मात्र या संकरांनी बदलला नाही. एक कंद एकदाच फुलतो, पुढची फुले त्याच्या बाजूच्या फुटव्यांना येतात. त्यामुळे तीन-चार वर्षांत दाटी होते आणि बहर ओसरल्यावर बेटे सोडवून पुन्हा लावावी लागतात. खोल पुरलेला, ओलाव्यात राहिलेला कंद जिवाणूंमुळे सडून मऊ व दुर्गंधीयुक्त होतो. जपानमध्ये एदो काळात (1603 ते 1868) जोपासलेल्या ‘आयरिस एन्साटा’ला हा नियम लागू नाही: ती ओलसर जागेतली वनस्पती असून तिला वाढीच्या दिवसांत भरपूर पाणी आणि चुना नसलेली आम्लधर्मी माती लागते.