बॉबी गिब आणि कॅथरीन स्विट्झर: बॉस्टन मॅरेथॉनमधली ‘पहिली बाई’ कोण?

८ मार्च जवळ आला की एक जुना कृष्णधवल फोटो फिरू लागतो. करड्या स्वेटशर्टातली एक तरुणी धावते आहे, छातीवर २६१ नंबर आहे आणि गडद कोट घातलेला एक संतापलेला गृहस्थ तिला मागून खेचतो आहे. खाली ओळ असते: बॉस्टन मॅरेथॉन धावणारी पहिली स्त्री. काही ठिकाणी पुढे असंही जोडलेलं असतं की ती भावाचे कपडे घालून झुडपात लपून बसली होती.

फोटो खरा आहे. मजकुरात मात्र दोन बायका एकीत कोंबल्या आहेत. फोटोतली कॅथरीन स्विट्झर. झुडपात लपली ती बॉबी गिब, आणि तेही एक वर्ष आधी. गोंधळ व्हायला कारणंही आहेत. दोघी अमेरिकन, दोघी विशीतल्या, शर्यत तीच आणि तारीखही तीच, १९ एप्रिल. फक्त साल एकीचं १९६६ आणि दुसरीचं १९६७.

आधी गिबबद्दल, कारण ती आधी धावली आणि तिच्याबद्दल कमी लिहिलं जातं. १९६४ मध्ये वडिलांबरोबर ती ही मॅरेथॉन बघायला गेली आणि तिथेच तिच्या मनानं घेतलं की आपणही हे धावायचं. बायकांसाठी धावण्याचे बूट तेव्हा मिळतच नसत, म्हणून ती नर्सेस घालायच्या त्या पांढऱ्या बुटांवर सराव करायची. प्रशिक्षक नाही, वेळापत्रक नाही. एकदा तर व्हॅन घेऊन ती देशभर फिरली, आणि जिथे मुक्काम पडेल तिथे डोंगर, माळ, समुद्रकिनारा जे समोर येईल त्यावर धावली. फेब्रुवारी १९६६ मध्ये तिनं कॅलिफोर्नियातून बॉस्टनला प्रवेश अर्ज मागवला. शर्यतीचे संचालक विल क्लोनी यांचं उत्तर आलं: स्त्रियांच्या शरीराला एवढं अंतर, म्हणजे मॅरेथॉनचे सुमारे २६ मैल, झेपत नाही, आणि ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या हौशी खेळांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत स्त्रियांसाठी दीड मैलापुढे स्पर्धाच नाही. ज्या मुलीला हे कळवलं जात होतं ती तोवर एका दमात ४० मैल धावून झाली होती.

मग ती बसमध्ये बसली. सॅन दिएगोहून बॉस्टनच्या परिसरात पोहोचायला चार दिवस लागले. वडिलांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं आहे. आईनं मात्र दुसऱ्या दिवशी तिला गाडीनं हॉपकिंटनला, म्हणजे शर्यत सुटते त्या गावात, नेऊन सोडलं. अंगात काळा स्विमसूट, त्यावर भावाची बर्म्युडा पँट आणि टोपीवाला निळा स्वेटशर्ट, पायात मुलांचे कोरे करकरीत बूट. सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपात ती दबा धरून बसली, आणि निम्मेअधिक धावपटू पुढे गेल्यावर घोळक्यात शिरली.

गोष्टीत यापुढे कुणीतरी तिला अडवायला हवं, नाही का? तसं झालं नाही. मागून धावणाऱ्या पुरुषांनी थोड्याच वेळात ओळखलं की ही मुलगी आहे, आणि ते खूश झाले. उकडतंय पण स्वेटशर्ट काढला तर मला बाहेर काढतील, असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, रस्ता सगळ्यांचा आहे, आम्ही काढू देणार नाही. तिनं स्वेटशर्ट काढला. बातमी तिच्या आधी पुढे पळाली. वाटेत वेलस्ली कॉलेज लागतं, फक्त मुलींचं. तिथल्या मुली तिला पाहून किंचाळत होत्या, उड्या मारत होत्या. शेवटच्या काही मैलांत नव्या बुटांनी पाय सोलवटले, पाणी प्यायलं तर पोटात गोळे येतील या समजुतीनं तिनं घोटभरही घेतलं नव्हतं, आणि वेग पार उतरला. तरी वेळ आली ३ तास २१ मिनिटं ४० सेकंद. शर्यतीतले सुमारे दोन तृतीयांश पुरुष तिच्या मागे होते. शेवटच्या रेषेवर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन व्होल्पी यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी. अधिकृत निकालात मात्र नाव नाही, कारण नोंदणी नव्हती, नंबर नव्हता.

आता १९६७. कॅथरीन स्विट्झर सिरॅक्यूज विद्यापीठात पत्रकारिता शिकत होती आणि तिथल्या मुलांच्या क्रॉस-कंट्री संघाबरोबर सराव करायची. संघाला मदत करणारे आर्नी ब्रिग्ज हे पोस्टमन, बॉस्टन पंधरा वेळा धावलेले. मॅरेथॉन बायकांचं काम नाही असं तेही म्हणायचे, पण सरावात अंतर पुरं करून दाखवलंस तर मी स्वतः घेऊन जाईन, असा शब्द त्यांनी दिला. तिनं ३१ मैल काढले. शेवटी भोवळ आली ती ब्रिग्ज यांना. शब्द पाळत त्यांनी तिला रीतसर नोंदणी करायला लावली. नियमपुस्तक उघडून पाहिलं तर ‘फक्त पुरुष’ असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाई येईल हे कुणाच्या डोक्यातच नसल्यावर मनाई लिहिणार कोण?

तिनं सही केली ‘के. व्ही. स्विट्झर’ अशी. पुष्कळजण याला युक्ती म्हणतात. तिचं स्वतःचं म्हणणं, आपण नेहमी अशीच सही करायचो; लेखक आद्याक्षरं लावतात, तसं. मला ते पटतं, कारण शर्यतीला ती लिपस्टिक लावून गेली होती आणि पुसायला सांगितल्यावरही तिनं ती पुसली नाही. लपायचं असतं तर असं कोण करेल? त्या दिवशी बर्फमिश्रित पाऊस होता, सगळेच जाड कपड्यांत होते, म्हणून सुरुवातीला ती कुणाच्या नजरेत भरली नाही, एवढंच.

पहिल्या काही मैलांतच पत्रकारांची गाडी मागून आली. शर्यतीचे एक कर्तेधर्ते जॉक सेंपल त्याच गाडीत होते. हा माणूस मूळचा स्कॉटलंडचा, स्वतः जुना धावपटू. विदूषकी कपडे घालून शर्यतीत घुसणाऱ्यांच्या अंगावर तो आधीही धावून गेला होता. आपल्या शर्यतीची कुणी थट्टा केलेली त्याला खपायची नाही. नंबर लावलेली बाई पाहून पत्रकारांनी त्याला डिवचलं, आणि तो उडी मारून तिच्या मागे लागला, नंबर ओरबाडायला. कॅथरीनचा मित्र टॉम मिलर हातोडाफेकपटू होता. त्याच्या एका धडकेत सेंपल रस्त्याच्या कडेला. छायाचित्रकार हाताच्या अंतरावर असल्यानं सगळं टिपलं गेलं. स्विट्झरनं शर्यत पुरी केली, सुमारे ४ तास २० मिनिटांत.

आणि नेमकं याच ठिकाणी बहुतेक लेख गप्प बसतात: त्या दिवशी त्याच रस्त्यावर बॉबी गिबही होती. पुन्हा नंबराविना. ३ तास २७ मिनिटं १७ सेकंदांत, म्हणजे स्विट्झरच्या जवळपास तासभर आधी, ती पोहोचली. तिला कुणी ओढलं नाही, म्हणून फोटो नाही. आणि फोटो नाही म्हणून आठवण नाही. माझ्या मते हा सगळा घोळ त्या एका फोटोनं केला आहे. सेंपल गाडीतच बसून राहिला असता तर आज प्रश्नमंजूषेत उत्तर गिब असतं.

मग ‘पहिली’ कुणाला म्हणायचं? पूर्ण बॉस्टन मॅरेथॉन धावलेली पहिली स्त्री बॉबी गिब. नोंदणी करून, नंबर लावून धावलेली पहिली कॅथरीन स्विट्झर. पण तिलाही आयोजकांनी बाद ठरवलं आणि युनियननं तिला निलंबित केलं, तेव्हा ‘पहिली अधिकृत’ म्हणताना जपून. आयोजकांनी बायकांसाठी दार उघडलं ते १९७२ मध्ये. त्या वर्षी आठजणी धावल्या, आठहीजणींनी शर्यत पुरी केली, आणि जिंकली नीना कुसिक, ३ तास १० मिनिटं २६ सेकंदांत. अमेरिकेत मॅरेथॉन धावलेली पहिली बाई म्हणून कुणी या दोघींपैकी एकीचं नाव सांगितलं तर तेही चूक. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीला मेरी लेपर १९६३ मध्येच धावली होती. १९९६ मध्ये, शंभराव्या बॉस्टनच्या वेळी, आयोजकांनी जुना हिशेब दुरुस्त केला: १९६६, ६७ आणि ६८ या तिन्ही वर्षांची महिला विजेती बॉबी गिब, आणि पुढची तीन वर्षं सारा मे बर्मन. या यादीत स्विट्झर नाही. बर्मनचं नाव तर कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही.

म्हणून स्विट्झरचं कर्तृत्व उसनं ठरत नाही. फक्त ते वेगळं आहे. गिब धावली ती धावण्याच्या ओढीनं, आणि १९६८ नंतर इतर कामांत गुंतली. तिनं वकिली केली, शिल्पं घडवली. स्विट्झरनं मात्र पुढचं सगळं आयुष्य धावण्याला दिलं. ती वेगानंही सुधारली: १९७४ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, १९७५ मध्ये बॉस्टनला २ तास ५१ मिनिटं ३७ सेकंदांत दुसरी आली. सेंपलशीही १९७३ मध्ये सुरुवातीच्या रेषेवर समेट झाला, त्यानं तिच्या गालाचा मुका घेतला. पण तिचं खरं मोठं काम एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या पैशावर देशोदेशी भरवलेल्या महिलांच्या शर्यती. १९८० मध्ये त्यातल्या एका शर्यतीसाठी मध्य लंडनचे रस्ते बंद केले गेले. बायका लांब पल्ला धावतात, अनेक देशांत धावतात, हा पुरावा अशा शर्यतींनी ऑलिंपिकवाल्यांपुढे ठेवला, आणि १९८१ मध्ये महिला मॅरेथॉनला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. २०१७ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, तोच २६१ नंबर लावून ती पुन्हा बॉस्टन धावली. त्यानंतर तो नंबर निवृत्त करण्यात आला. गिबचा पुतळा २०२१ मध्ये हॉपकिंटनला उभा राहिला. तो घडवला खुद्द गिबनंच.

दोघींच्या वाटा १९८४ मध्ये एका तिसऱ्याच धावपटूपाशी मिळाल्या. त्या वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया शहरात अमेरिकेची महिला मॅरेथॉनची पहिली निवड चाचणी झाली. पहिल्या तिघींना दिलेल्या फूटभर उंचीच्या ब्राँझच्या मूर्ती गिबनं घडवल्या होत्या. चाचणी जिंकली जोन बेनॉइटनं, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या १७ दिवसांनी. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकची पहिली महिला मॅरेथॉनही तिनंच जिंकली, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत, आणि टीव्हीवर त्या शर्यतीचं समालोचन करणाऱ्यांत स्विट्झर होती.