हलगर्जीची तक्रार आणि सिव्हिलचा अहवाल: खान्देशापुरती पार्श्वभूमी

उपचारात पेशंट दगावला आणि नातेवाईक पोलीस ठाण्यात गेले, की जळगाव असो वा नंदुरबार, उत्तर ठरलेलं: आधी सिव्हिलचा अहवाल येऊ द्या. ही अट फौजदारी कायद्याच्या कलमात नव्हती. ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या एका निकालातून आली.

मुंबई इलाख्यातला डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ चा, राज्याचा आजचा कायदा १९६५ चा. डॉक्टरांची नोंदणी करणारी आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी राज्य वैद्यकीय परिषद मुंबईतच राहिली, नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावच्या माणसाला दूरच. १९८६ च्या ग्राहक कायद्याने जिल्ह्यात दाद मागायची सोय झाली. पैसे घेऊन केलेले उपचार त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. सर्वांना मोफत उपचार देणारी रुग्णालयं मात्र वगळली. सातपुड्यातल्या ज्या कुटुंबांना सरकारी दवाखान्याशिवाय पर्याय नाही, त्यांना या सोयीचा उपयोग नव्हता.

मग २००५. भरपाईसाठी साधी हलगर्जी पुरेशी, गुन्ह्यासाठी ती घोर हवी, असं न्यायालयाने ठरवलं. तपास अधिकाऱ्याने आधी त्याच शाखेतल्या, शक्यतो सरकारी नोकरीतल्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं. ऊठसूट अटक करू नये. हेतू रास्तच होता. तुरुंगाची धास्ती असेल तर अडलेली बाळंतीण हाती घ्यायला कोण धजावेल? पण सरकार नियम करेपर्यंतची ही तात्पुरती व्यवस्था होती. नियम लांबले, व्यवस्था रुजली.

खान्देशात तिची अडचण वेगळी. अनेक वर्षं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकट्या धुळ्यात होतं. जळगावला ते २०१८ मध्ये आलं, नंदुरबारला २०२० मध्ये. त्या शाखेचा सरकारी तज्ज्ञ मिळणंच मुश्कील, आणि मिळाला तरी तो गावातल्या खासगी डॉक्टरच्या रोजच्या ओळखीतला. मत देणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असावा, ही अट निकालात नाही. माझ्या मते खरी उणीव तीच.

१ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे नव्या फौजदारी कायद्यात, हलगर्जीने झालेल्या मृत्यूची शिक्षा इतरांसाठी ५ वर्षांपर्यंत गेली, नोंदणीकृत डॉक्टरसाठी २ वर्षांपर्यंतच राहिली. त्याआधी २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध आयोगाच्या मंडळाकडे अपील करण्याचा हक्क डॉक्टरला दिला. नातेवाइकांचा त्या कलमात उल्लेख नाही. परिषदेने तक्रार फेटाळली, तर त्यांना उरते ती रिट याचिका, म्हणजे थेट उच्च न्यायालयात दाद; धुळे, जळगाव, नंदुरबारकरांसाठी त्याचं औरंगाबाद खंडपीठ.