नकाशावर नकाशा ठेवला की

१८६१ साली अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याने दक्षिणेकडच्या राज्यांचा एक नकाशा तयार केला. आदल्या वर्षीच्या जनगणनेवरून प्रत्येक काउंटीत शंभरातली किती माणसं गुलाम आहेत, हे त्यात दाखवलं होतं. प्रमाण जितकं जास्त तितकी छटा गडद, आणि शिवाय टक्केवारीचा आकडाही छापलेला. त्या वेळी देशात सुमारे ३९.५ लाख गुलाम होते. अब्राहम लिंकन हा नकाशा पुन्हा पुन्हा पाहत. मुक्तीचा जाहीरनामा मंत्रिमंडळापुढे वाचला जातोय, या प्रसंगाच्या १८६४ च्या चित्रातही तो कोपऱ्यात टेकवलेला दिसतो.

त्यातला एक गडद पट्टा मिसिसिपी नदीच्या काठाने जातो. त्याचं कारण चटकन कळतं: नदीचा गाळ आणि त्यात पिकणारा कापूस. दुसरा पट्टा मात्र कमानीसारखा अलाबामाच्या मधून आडवा गेलाय. तो तिथे का?

उत्तर भूगर्भाच्या नकाशात आहे. डायनासोरांच्या अखेरच्या काळात, सात-आठ कोटी वर्षांपूर्वी, समुद्र इथपर्यंत होता. त्यातल्या सूक्ष्म जीवांची चुनखडी कवचं तळाशी साचली, समुद्र हटला आणि त्या थरावर काळी, कसदार माती तयार झाली. १७९३ मध्ये सरकी वेगळी काढणारं यंत्र आल्यावर कापसाला सोन्याचा भाव आला. मळेवाले या मातीच्या मागे आले आणि माणसांना साखळदंडांत घालून इथे घेऊन आले. त्यांचे अनेक वंशज आजही याच पट्ट्यात राहतात आणि त्यांचं मतदान आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळं असतं, म्हणून अध्यक्षीय निवडणुकीच्या नकाशात ही कमान आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळी उठून दिसते.

माती कुणाला गुलाम करत नाही, ते माणसांनी केलं. हे विसरून असा नकाशा वाचला, तर गुन्हा भूगोलाच्या माथी मारल्यासारखं होईल.

चीनमध्ये १९३५ साली हू हुआनयोंग या भूगोलतज्ज्ञाने लोकसंख्येचे ठिपके नकाशावर मांडले आणि ईशान्येकडच्या हेइहेपासून नैऋत्येच्या तेंगचोंगपर्यंत तिरकी रेघ ओढली. रेघेच्या पूर्वेला ३६ टक्के जमीन आणि ९६ टक्के माणसं! ही रेघ साधारणपणे वर्षाला ४०० मिलिमीटर पावसाच्या रेषेजवळून जाते. पूर्वेला शेती पिकते, पश्चिमेला कुरणं, वाळवंट आणि उंच पठार. मधल्या काळात युद्ध झालं, क्रांती झाली, प्रचंड स्थलांतरं झाली, तरी आजही सुमारे ९४ टक्के लोक पूर्वेलाच आहेत. मला या रेघेचं फार अप्रूप वाटतं.

असे नकाशे वाचताना एक सावधगिरी हवी. पूर्ण जिल्ह्याला एकच रंग दिला, की आतला फरक पुसला जातो. चार्ल्स बूथ यांनी १८८९ मध्ये लंडनच्या गरिबीचा नकाशा काढला, तो गल्लीगल्लीचा. शाळेच्या हजेरीसाठी घरोघर फिरणाऱ्या अधिकाऱ्यांकडून त्यांना घराघराची माहिती मिळाली होती. श्रीमंतांना पिवळा रंग, सुखवस्तूंना लाल, अगदी तळच्यांना काळा. संपूर्ण शहराचा हिशेब मांडल्यावर ३० टक्क्यांहून अधिक लोक गरिबीत निघाले. त्या नकाशावर बोट ठेवून लाल हमरस्त्याने चालत गेलं, तर काही ठिकाणी दुकानांच्या रांगेच्या लगेच मागे एखादी अरुंद, काळी गल्ली लागते.