अनुभव शिकवतो, पण अंदाज चुकला तरच

लातूर असो की नांदेड, क्लासच्या भिंतीवर एक त्रिकोण हमखास टांगलेला असतो. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, स्वतः केलेलं ९० टक्के. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात तर पहिली स्लाइड हीच. खरं तर आकडे इतके गोल बघूनच शंका यायला हवी. माणसांची स्मरणशक्ती खरोखर मोजली तर ती अशी दहा-दहाच्या पायऱ्या उतरत नाही. या त्रिकोणाचा मूळपुरुष म्हणजे एडगर डेल हा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ. त्यानं १९४६ मध्ये ‘अनुभवाचा शंकू’ काढला, पण त्यात टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कुणीतरी चिकटवली आणि मग ती जगभर फिरली.

करून शिकणं खोटं आहे, असं मला म्हणायचं नाही. पण ‘केलं की आलं’ हा हिशेबही बरोबर नाही. एकच काम वीस वर्षं करून पहिल्या वर्षी होती तिथंच राहिलेली माणसं प्रत्येक कचेरीत सापडतील. मग अनुभव कुणाला शिकवतो आणि कुणाला नाही?

सोयाबीनच्या दिवसांत आडतीवर जरा उभं राहून बघा. जुना मुनीम कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, कोपरापर्यंत हात घालतो, वरचा नाही तर तळातला माल काढतो, दोन दाणे दाताखाली धरतो. कट्कन तुटला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. “साडेतेरा,” तो म्हणतो. मग मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मशीनमध्ये पडतात आणि आकडा येतो तो फार तर अर्ध्या टक्क्यानं इकडं-तिकडं. हमीभावाच्या खरेदीत सहसा १२ टक्क्यांची मर्यादा असते, त्यामुळे या अर्ध्या टक्क्यावर भांडणं होतात. पण मला अप्रूप आहे ते क्रमाचं. मुनीम आकडा आधी बोलतो, मशीन नंतर बघतो.

हा क्रम मेंदूसाठी का महत्त्वाचा, ते स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाच्या माकडांनी दाखवून दिलं. मेंदूच्या मध्यभागी खोलवर डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशी असतात. मेंदूत एकूण पेशी साधारण ८,६०० कोटी, त्यात या जेमतेम चार-सहा लाख. एरवी त्या सेकंदाला तीन-पाच वेळा संथपणे विद्युत ठोके देत असतात. शुल्ट्झनं माकडांच्या मेंदूत बारीक तार घालून एकेका पेशीचे ठोके ऐकले. ध्यानीमनी नसताना तोंडात फळाचा रस पडला की ठोक्यांचा भडिमार होई. मग त्यानं रसाच्या थोडं आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी भडिमार दिव्याला होऊ लागला आणि रस मिळाल्यावर काहीच नाही. रस तोच, तितकाच गोड, पण पेशी ढिम्म. आणि दिवा लागूनही रस दिला नाही तर? ज्या क्षणी तो यायला हवा होता, नेमक्या त्याच क्षणी ठोके थांबत.

म्हणजे ही पेशी मजा मोजत नाही. ती फरक मोजते: मिळालं ते वजा अपेक्षित होतं ते. हेच गणित रॉबर्ट रेस्कॉर्ला आणि ॲलन वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच, मेंदूत डोकावण्याआधी, मांडून ठेवलं होतं. नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा अधिक त्या फरकाचा एक हिस्सा. अपेक्षा ०, मिळाले १०० आणि हिस्सा ०.३ धरा. पहिल्या खेपेला अपेक्षा ३० वर जाते. दुसऱ्या खेपेला फरक ७० उरतो, म्हणून ५१. मग ६५.७, मग जवळजवळ ७६. पावलं आखूड होत जातात आणि फरक शून्याला टेकला की शिकणं थांबतं, मग अनुभव रोज कितीही येवो. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी माकडांचे ठोके आणि हे गणित (त्यात वेळेचा हिशेब मिळवून केलेली पुढची आवृत्ती) एकत्र जुळवून दाखवलं. वेळेच्या हिशेबाची ती पद्धत संगणकाला खेळ शिकवणाऱ्या मंडळींनी आधीच बसवली होती! यंत्रासाठी काढलेलं सूत्र माकडाच्या डोक्यात सापडावं, याहून सुंदर गोष्ट मला तरी विज्ञानात फार दिसलेली नाही.

या सूत्राची खरी गंमत लिऑन केमिन या मानसशास्त्रज्ञाच्या उंदरांत आहे. आवाज झाला की शॉक बसतो हे उंदीर आधी शिकले. मग आवाज आणि दिवा एकत्र, पुन्हा शॉक. शेवटी नुसता दिवा लावला तर उंदीर जवळपास घाबरलेच नाहीत. दिवा त्यांनी अनेकदा ‘अनुभवला’ होता. पण शॉकचा अंदाज आवाजानंच आधी दिलेला, फरक शून्य, म्हणून दिव्याच्या खात्यात काही जमा झालंच नाही. हे खात्याचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मोबाइलवर ‘डोपामाइन डिटॉक्स’चे, म्हणजे मजेच्या गोष्टी काही दिवस सोडून मेंदू ‘साफ’ करण्याचे, व्हिडिओ बघणाऱ्यांनी इथं क्षणभर थांबावं. डोपामाइन हे काही रक्तात साचलेलं विष नाही, की दोन दिवस उपास केला आणि उतरलं. ते कमी झालं की काय होतं, हे पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांना विचारा.

आता पाणाडी, म्हणजे जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा. मराठवाड्यात बोअर घ्यायचं म्हटलं की तळहातावर नारळ नाही तर कडुनिंबाची दुबेळकी काडी घेऊन तो शेतभर फिरतो. काडी वळते ती हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीनं, हे विल्यम कार्पेंटर या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८५२ मध्येच सांगितलं होतं. पण “चाळीस वर्षांचा अनुभव आहे हो त्यांना,” या युक्तिवादाचं काय? आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटींत आणि कुजलेल्या थरांत असतं, त्यामुळे बरीच बोअर नुसत्या नशिबानंही लागतात. लागलं की पाणाडीचं नाव होतं. नाही लागलं तर “दोन फूट सरकून मारलं तुम्ही.” चुकलेला अंदाज खात्यात कधी मांडलाच जात नाही. मुनिमाचं मशीन रोज शंभरदा त्याला खोटं पाडू शकतं, पाणाडीला खोटं पाडणारं मशीनच नाही. दोघांचीही चाळीस वर्षं, पण शिकला एकटा.

क्लासमधल्या लेकरांनाही हेच लागू आहे. टेस्ट सिरीजचे गठ्ठे सोडवून पर्सेंटाइल बघायचं आणि पेपर फेकून द्यायचा, यात फरक मोजलाच जात नाही. प्रत्येक उत्तरापुढं ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ एवढं लिहून मग उत्तरपत्रिका उघडावी. खात्रीनं लिहिलेलं चुकलं, तर ते दुरुस्त झाल्यावर जास्त पक्कं बसतं. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये हे प्रयोगातून दाखवलंय.

शेतीत मात्र अडचण मोठी आहे. मुनिमाला निकाल मिनिटात मिळतो, तुरीच्या शेतकऱ्याला वर्षातून एकदा, आणि तोही पाऊस, बियाणं, अळी, खत यांच्या खिचडीतून. फुलोऱ्यात टॉनिक मारलं, तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि पीक हिरवंगार झालं. श्रेय कुणाच्या खात्यात? टॉनिकवर आधीच भरवसा बसलेला असेल तर सगळं त्याच्याच. पाऊस केमिनच्या दिव्यासारखा बाजूला राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजार रुपयांची बाटली येते.

यावर कृषी विद्यापीठात रोज वापरतात तोच उपाय बांधावर करता येतो. फवारणी करताना रानाच्या मधली चार तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, कोरी सोडायची. कडेची नको, तिथं वारं-पाणी वेगळं असतं. फवारण्याआधीच वहीत लिहायचं की एकरी किती किलो जास्त येईल असं वाटतंय. काढणीला त्या चार तासांची रास वेगळी करायची आणि शेजारच्या फवारलेल्या चार तासांची वेगळी, दोन्ही एकाच काट्यावर तोलायच्या. एका हंगामावर जायचं नाही, दोन-तीन वर्षं करायचं. आणि कोऱ्या तासांना दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून चिंधी बांधायची, नाही तर फवारणारा गडी मालकाची चूक समजून तीही मारून टाकतो.